खोक्यावरचा हितचिंतक

होस्टेलवर राहणाऱ्यांसाठी भाकरीचा छोटा विजेचा तवा काढावा, ही कल्पना माझी. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीची बस अडकली होती, तेव्हा मी ती शेजारी बसलेल्या सहकारी मुलीला सांगितली आणि विसरून गेलो. ती विसरली नाही. तिनं नोकरी सोडली आणि क्राउडफंडिंगच्या वेबसाइटवर आवाहन केलं: आधी पैसे द्या, तवा तयार झाला की घरी येईल, प्रत्येक खोक्यावर पैसे देणाऱ्या सगळ्यांची नावं छापू.

पैसे कमी पडतील या आशेनं मी रोज ते पान उघडून बघायचो. ते वाढतच गेले. शेवटी मीही एक तवा मागवला, निदान तो तरी बिघडलेला निघेल म्हणून. नावाच्या जागी 'एक हितचिंतक' असं लिहिलं.

तवा सदाशिव पेठेत आमच्या घरी आला. कंपनीतल्या मुलीनं बनवलाय, एवढंच मी आईला सांगितलं. तिनं चष्मा लावून खोक्यावरची सगळी नावं वाचली आणि शेवटच्या नावावर थांबली.

"पैसे देऊन नाव लपवलंय. याच्या पोटात दुखत असणार."

मग तिनं भाकरी टाकली. भाकरी टम्म फुगली.

"बघ," आई म्हणाली, "असं काही तुला कधी सुचत नाही."