बंदर बघायला

नांदेडच्या बाजारात सुकटीचा वास आला की मला रत्नागिरी आठवते. तेव्हा आई-अण्णांना देगलूरहून समुद्र दाखवायला नेलं होतं. “नुसतं पानीच की! गोदावरीत पानी न्हाई का?” असं अण्णा सकाळीच म्हणाले आणि आईनं अबोला धरला. रिक्षावाल्यानं सुचवलं, “आधी बंदर बघा, मग तिथल्याच खानावळीत सुरमई खा.” आमच्याकडच्या दखनी बोलीत बंदर म्हणजे माकड, म्हणून आईनं शेंगांची पिशवी पदराखाली घट्ट धरली. धक्क्यावर ओल्या जाळ्यांचा आणि डिझेलचा वास होता, होड्या दाटीनं डुलत होत्या, पण माकड एकही दिसेना. शेवटी तिनं एका कोळणीला विचारलं, “बाई, बंदर कुठं हाय वो?” कोळणीनं हात केला, “हे काय, समोरच!” समोर कमरेवर हात ठेवून अण्णा उभे होते. आई आधी चपापली, मग हसता हसता उपड्या टोपलीवरच बसली. अण्णा घाबरून धावत आले, “काय झालं गं?” “काही न्हाई, चला जेवू,” ती डोळे पुसत म्हणाली आणि खानावळीत त्यांना सुरमईचे काटे काढून देत राहिली. ती एवढी का हसली, हे अण्णांना आम्ही अजूनही सांगितलेलं नाही.