रिमोटवरचं निळं बटण

टीव्ही कधी बघणाऱ्याचं ऐकतो का, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, आमच्या घरातला ऐकत होता. ज्याने त्याला ऐकायला शिकवलं, त्यानेच ते बंद पाडलं. हे लिहितानाही माझं डोकं तापतं, तेव्हा माझा आवाज चढला तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

शहराच्या टोकाला, बेसाला, माझा केबलचा धंदा आहे. जिथे शेतं होती तिथे इमारती झाल्या आणि त्या इमारतींच्या गच्च्यांवरून तारा ओढण्यात माझी वर्षं गेली. तारा आणि माणसं माझ्याकडे, मशीनमधलं सगळं माझ्या मित्राकडे. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मोठेपणी एकाच गाळ्यात बसायला लागलो. अर्ध्या जागेत माझं टेबल, अर्ध्या जागेत त्याची यंत्रं.

बाबा उमरेडला हातमागावर विणायचे. माग थांबला तसे ते आमच्याकडे राहायला आले, आणि नंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डोकं मात्र लख्ख राहिलं. बायको शाळेत शिकवते, मी दिवसभर बाहेर. बाबा घरात एकटे. त्यांना मोबाइल देऊन पाहिला, तर थरथरत्या बोटाने भलत्याच माणसाला फोन लागायचे. बिनतारी घंटी आणली, तिचा आवाज फाटकापर्यंतही पोचेना. त्यांना नीट जमायचं ते एकच, टीव्हीचा रिमोट. त्याची बटणं डाव्या अंगठ्याला न बघता सापडायची.

त्या सुमारास आम्ही नव्या सेटटॉप बॉक्सवर एक उद्योग सुरू केला होता. बॉक्सला इंटरनेटची तार जोडली की टीव्हीवर आमच्या भागाचं पान उघडायचं. पाण्याचा टँकर कधी येणार, उमरेडची एसटी किती वाजता, वगैरे. बघणारा रिमोटवरची रंगीत बटणं दाबून उत्तरही देऊ शकायचा. हे सगळं खुल्या मानकावर चालायचं. म्हणजे बॉक्स कुणाचाही असो आणि पान कुणीही बनवो, ते उघडणारच, जसा कुठलाही दिवा घरच्या होल्डरला बसतो. मित्राला या मानकाचं भारी वेड. त्याच्यापायी तो चहा थंड करून घ्यायचा आणि मला समजावत बसायचा.

त्याच मानकावर त्याने एका दुपारी बाबांसाठी पान बनवलं. हिरवं दाबलं तर सगळं ठीक, पिवळं दाबलं तर सवडीने ये, लाल दाबलं तर आत्ता ये. बाबांनी बटण दाबलं की आमच्या गाळ्यातल्या पडद्यावर तो रंग उमटायचा आणि माझ्या खिशातला फोनही वाजायचा. निळं बटण उरलं होतं. ते त्याने स्वतःच्या मोबाइलला जोडलं.

"काकाजी, हे माझं," तो म्हणाला. "करमून नाही राहिलं तं दाबा. मी येतो."

आणि तो यायचा, हे मला कबूल करायलाच हवं. दोघं पत्ते खेळायचे. तो समोर बसलेला असताना बाबा मुद्दाम निळं दाबायचे, त्याचा खिसा वाजायचा, तो दचकल्याचं सोंग करायचा आणि बाबांच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू पसरायचं. पोटच्या पोराला जे जमलं नाही ते हा करतोय म्हणून मला थोडा हेवा वाटायचा. पण त्या हसण्यासाठी मी त्याला काय वाटेल ते दिलं असतं.

लाल रंग एकदा खरंच उमटला होता. बाबांना ठसका लागला होता, श्वास अडकला होता. मी टेबलावरचं सगळं तसंच टाकून धावलो आणि वेळेवर पोचलो. त्यानंतर बाबा निर्धास्त झाले. बायको शाळेत निघाली की ते रिमोट छातीवर ठेवून पडायचे.

आमच्यासारखे छोटे केबलवाले सिग्नल मोठ्या कंपनीकडून घेतात. आमच्या कंपनीच्या मनात आलं की सगळ्या बॉक्सवर आपलं स्वतःचं, कुलूपबंद सॉफ्टवेअर चालवायचं. त्यात फक्त कंपनीची पानं उघडणार आणि रंगीत बटणं कंपनीच्या जाहिरातींना. खुलं मानक ठेवायचं की हे घ्यायचं, यासाठी शहरातल्या एका हॉटेलात बैठक ठरली.

आमच्या भागातल्या केबलवाल्यांची एक पद्धत आहे. बैठकीला सगळे जात नाहीत, कारण धंदा सोडून जाणार कोण? एक जण जातो, आणि बाकीचे आपापले रबरी शिक्के एका कापडी पिशवीत घालून त्याच्या हवाली करतात. तो ज्या कागदावर शिक्के मारेल तो सगळ्यांचा शब्द. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल. आम्हाला त्यात कधी वावगं दिसलं नाही, कारण पिशवी नेहमी खात्रीच्या माणसाकडेच जायची. या वेळी मित्राचं नाव मीच सुचवलं. खुलं मानक सोडायचं नाही, असं सगळ्यांचं ठरलेलं होतं. मी दारोदार फिरून शिक्के गोळा केले आणि सगळ्यात शेवटी माझा टाकला.

बैठक संपवून तो थेट आमच्याकडे जेवायला आला. बायकोने त्याच्यासाठी सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, केली होती. मी विचारलं तर तो म्हणाला की टेन्शन घेऊ नको, आपण ठरवलं तसंच झालं. बाबांनी निळं दाबलं, त्याचा खिसा वाजला, तो दचकला. वडी त्याने मागून घेतली. निघताना बाबांच्या पायाला हात लावून गेला.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी आमच्या भागातले सगळे बॉक्स आपोआप बंद पडले आणि नव्या रूपात सुरू झाले. लोकांचे फोन सुरू झाले, हे चॅनल कुठे गेलं, ते कुठे गेलं. मी या गच्चीवरून त्या गच्चीवर पळत होतो. मित्राच्या शब्दावर विसंबून, तारेतच काहीतरी बिघाड आहे, असं मी धरून चाललो होतो. घरून लाल आलं नव्हतं, म्हणजे बाबा ठीक होते.

दुपारी शाळेतून घरी आलेल्या बायकोचा फोन आला. मी घरी पोचलो तेव्हा बाबा पलंगाशेजारी फरशीवर पडलेले होते, तिला एकटीला ते उचलवले नव्हते. धोतर ओलं झालेलं, ओठ सुकलेले, रिमोट मुठीत. समोर टीव्हीवर कुठल्याशा कुकरची जाहिरात होती आणि खाली अक्षरं होती, 'धन्यवाद. आपली पसंती नोंदवली आहे.' माझ्यादेखत बाबांनी पुन्हा लाल दाबलं. पुन्हा तीच अक्षरं आली.

बाबांना वाचता येतं. आपला निरोप पोचला, असं टीव्ही त्यांना सकाळपासून सांगत होता, आणि मुलगा येत नव्हता. मी त्यांना उचलायला वाकलो तर त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

कंपनीत फोन केला तेव्हा समजलं की आमच्या भागाने तर एकमताने होकार दिला आहे, शिक्क्यांसकट. मी गाळ्यावर गेलो. मित्र त्याची यंत्रं खोक्यात भरत होता. कंपनीने त्याला आमच्या भागाचं तांत्रिक काम दिलं होतं, तेही बैठकीच्या आधीच.

"मी नाही म्हणलो असतो तं दुसरा कोणी हो म्हणला असता," तो म्हणाला. "तुले सांगाचं होतं. पण काकाजी समोर होते."

"मंग त्या दिवशी जेवाले काहून आला गा?" मी म्हणालो.

त्याने खोक्याला चिकटपट्टी लावली. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मी तोवर पुस्तकातच वाचलं होतं.

मी बाबांना सगळं सांगितलं. बैठक, शिक्के, नवं सॉफ्टवेअर, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली, नाही. तो असं करणार नाही. मी चिडून पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा तशीच मान हलवली. त्यांच्या हिशेबी मी येऊ शकत होतो, आलो नाही, आणि आता खापर त्या पोरावर फोडत होतो. आम्ही दिवसा सोबतीला एक बाई ठेवली. बाबा तिच्या हातून जेवायचे. माझ्या हातचा घास आला की ओठ मिटायचे. मित्राने फसवलं ते एका बाजूला, पण त्याच्यापायी बापाच्या नजरेत मी खोटा ठरलो, हे मला झोपू देत नव्हतं.

महिनाभराने एका रविवारी तो संत्री घेऊन आला. बायकोने दार उघडलं आणि तिला नाही म्हणवेना. बाबांचा चेहरा एकदम फुलला. त्यांनी उशीजवळचा रिमोट घेतला आणि त्याच्या खिशाकडे बघत निळं बटण दाबलं.

खिसा वाजला नाही. टीव्हीने धन्यवाद दिले आणि पसंती नोंदवली.

बाबांनी अंगठा नीट टेकवून पुन्हा दाबलं. ते अजून त्याच्या खिशाकडेच बघत होते. त्याने दचकल्याचं सोंग केलं असतं तरी त्यांनी ते मानून घेतलं असतं, असं मला आजही वाटतं.

"काकाजी, ते आता माझ्याकडे नाही येत," तो हळूच म्हणाला.

बाबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग टीव्हीवरच्या अक्षरांकडे, आणि परत त्याच्याकडे. मी त्यांना जे सांगत आलो होतो ते सगळं ते आता नव्याने ऐकत असावेत. तो संत्री खाली ठेवायला जागा शोधत होता. त्याला कुणीच बस म्हटलं नाही.

बाबांनी रिमोट पालथा करून चादरीवर ठेवला आणि रिकामा झालेला डावा हात माझ्याकडे पुढे केला.