कोणी पाहिलं?

फादर कुणाचंही मरण नुसत्या सांगण्यावरून मानायचे नाहीत. ऑफिसात येऊन कुणी "फादर, आमचा अमुक गेला" म्हणालं, की चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "कोणी पाहिलं?" रडत आलेला माणूस क्षणभर रडायचा थांबायचा आणि पाहणाऱ्याचं नाव सांगायचा. मग फादर उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. तुम्हाला वाटेल, काय हा माणूस! मलाही तेच वाटायचं. पण ही खोड त्यांना माझ्यामुळे लागली, हे आधीच सांगून टाकते.

मी वाकोल्याची. घराजवळच्याच एका चर्चच्या ऑफिसात सतरा वर्षं टायपिंग करतेय. आम्ही हिंदू, मूळचे मालवणकडचे. नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली, देवाच्याच दारातलं काम आहे ना, मग झालं तर. फादर वसईचे, त्यांचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं. सकाळी साडेसहाची मराठी मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, तेच घ्यायचे. बाकीच्या फादरांच्या बदल्या झाल्या, पण मराठीत मिस्सा घेणारा दुसरा मिळेना म्हणून हे राहिले. मला 'बाय' म्हणायचे. चहात बिस्किट बुडवलं की ते हमखास तुटून पडायचं, आणि चमच्याने शोधत म्हणायचे, "बुडालं गं बाय, पण गेलं नाही."

दोन नोव्हेंबरला कॅथलिक लोक आपल्या मृतांची आठवण करतात. संध्याकाळी कबरस्तानात मेणबत्त्या लावतात आणि फादर मृतांची नावं वाचतात. त्याआधी महिनाभर चर्चच्या दारात एक पेटी असते. लोक चिठ्ठीवर नाव लिहून टाकतात, मी यादी टाइप करते. त्याच पेटीत आजाऱ्यांच्याही चिठ्ठ्या पडतात. एका वर्षी घाईघाईत मी एका आजाऱ्याचं नाव मृतांत टाकलं. फादरांनी ते भर कबरस्तानात वाचलं, आणि मेणबत्ती धरून मागे उभा असलेला म्हातारा म्हणाला, "फादर, मी इथेच आहे की." लोकांची हसून पुरेवाट झाली. माझी मात्र वाट लागली. दुसऱ्या दिवशी फादर केक घेऊन त्याच्या घरी गेले आणि वाचणारा मी, तेव्हा चूक माझी, असं सांगून आले. मला चकार शब्द बोलले नाहीत. पण तेव्हापासून यादी छापायच्या आधी समोर बसून एकेका नावाला विचारू लागले, कोणी पाहिलं? मी वैतागायचे. मी काय पोलीस आहे का, म्हणायचे.

अशाच एका ऑक्टोबरात पेटी उपसताना मला आईचं अक्षर दिसलं. चिठ्ठीवर एकच नाव होतं. सुहास. माझा दादा.

दादाला घरातून जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. घाटकोपरचं त्याचं वर्कशॉप बंद पडलं, तेव्हापासून तो दिवसभर पडून असायचा. एका सकाळी डबा भरता भरता मी बोलले, "आईच्या जिवावर किती दिवस बसणारेस? जा ना कुठेतरी." तो चपला घालून गेला. वाटलं, नाक्यावर गेला असेल. पुढे पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, नवस झाले. बारा वर्षं झाली की दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करा, असं भटजी म्हणाले, तेव्हा आईने त्यांना चहासुद्धा विचारला नाही. आणि तीच आई मला न सांगता ही चिठ्ठी टाकून आली होती. थकली असेल. पुतळा जाळण्यापेक्षा नुसतं नाव वाचलेलं तिला सोसवलं असतं.

मी ते नाव टाइप केलं. खरं सांगते, रागाने केलं.

फादर त्या नावावर थांबले. "हा कोण?"

"माझा भाऊ."

"कोणी पाहिलं?"

मग मी सगळं सांगितलं, डबा भरताना काय बोलले तेसुद्धा. ते मी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी यादीतल्या नावावर रेघ मारली आणि चिठ्ठी आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. "मग हा या यादीत नाही, बाय. हा वाटेवर आहे."

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या मिस्सेत वाटेवरच्या माणसांसाठी प्रार्थना करताना ते सुहासचं नाव घेऊ लागले. आईला कळलं तशी ती रोज डोक्यावरून पदर घेऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागली. नाव ऐकलं की उठायची आणि येताना दूध घेऊन यायची. आम्ही बाटलो, असं चाळीत बोललं जाऊ लागलं. आई म्हणायची, "बोलू देत. तिथे माझ्या पोराला हाक मारतात."

फादरांनी माझ्याकडून दादाचा फोटो मागून घेतला. भुवईवरची खूण डावी की उजवी, तेही विचारलं. चेहरा समोर असला की प्रार्थना नीट होते, म्हणाले. त्याच सुमारास ते गुरुवारी दुपारी छत्री घेऊन बाहेर पडू लागले. कुठे, असं विचारलं की म्हणायचे, "एकाला बघून येतो." आजाऱ्यांना भेटायला जात असतील, असं मी धरून चालले. आले की कितीतरी वेळ हात धूत राहायचे. चहा नको म्हणायचे. मी केलेला चहा फुकट जातो म्हणून मी कटकट करायचे.

पुढे दर ऑक्टोबरात यादी संपली की विचारायचे, सुहासची काही खबर? मी मान हलवायचे. पाच वर्षं हेच. सहाव्या वर्षी यादी संपली, त्यांनी चष्मा पुसला आणि काही न विचारता उठून गेले. वय झालं, विसरले, असं मी म्हटलं. गुरुवारचं जाणंही बंद झालं होतं. सकाळी नाव मात्र घेत होते.

दोन वर्षांनी आई गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "सुहास आला तर त्याला रागावू नकोस हं."

मग फादरांचे गुडघे गेले आणि त्यांना म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या आश्रमात हलवलं. मी रविवारी जायचे. शेवटी शेवटी मला ओळखत नव्हते. एकदा मात्र माझा हात घट्ट धरून म्हणाले, "आईला सांगू नको." काय सांगू नको, ते विचारलं तर भिंतीकडे बघत राहिले. आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

या पावसाळ्यात ते गेले. नवीन फादरांनी त्यांचं प्रार्थनेचं पुस्तक कपाटात ठेवायला माझ्याकडे दिलं. त्यात दादाचा फोटो होता आणि ती चिठ्ठी. चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं. घाटकोपर, शवागार, तो नाही. भांडुप, रेल्वेलाइन, तो नाही. ठाणे, शवागार, तो नाही. असं खालपर्यंत. सगळ्यात शेवटी, कांजूरमार्ग, खाडी. त्यापुढे काहीच नाही. 'तो नाही' सुद्धा नाही.

बेवारस प्रेतं बघत फिरत होता हो हा माणूस, माझ्या भावासाठी. आणि मला चहाची पडली होती.

कदाचित कांजूरमार्गला ते पोचलेच नसतील. नाहीतर पोचले असतील, पाहिलं असेल, आणि आई रोज शेवटच्या बाकावर येऊन बसते म्हणून पुढचा शब्द लिहिला नसेल. गुरुवारचं जाणं थांबलं त्याच वर्षी ते विचारायचंही का थांबले, हे माझ्या डोक्यातून जात नाही. कधी भयंकर राग येतो. फादर, मला तरी सांगायचं होतं! मग डबा भरतानाचं माझंच वाक्य आठवतं आणि वाटतं, माझ्यासाठीच गप्प बसले असतील.

नवीन फादरही वसईचेच. चांगले आहेत, पण घाईत असतात, नावं तपासत नाहीत. यंदा यादी मी एकटीनेच तपासली. पहिलं नाव फादरांचं. कोणी पाहिलं? मी पाहिलं. शवपेटीत, चष्म्याशिवाय. दादाची चिठ्ठी मी यादीत घातली नाही. कबरस्तानात सगळ्यांची नावं वाचून झाली, लोक पांगले, तेव्हा त्यांच्या कबरीपाशी उभं राहून मी त्यांना त्यांचाच प्रश्न विचारला. हातातली मेणबत्ती संपेपर्यंत थांबले.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला जाऊन आईच्या जागेवर बसले. वाटेवरच्या माणसांसाठी प्रार्थना आली. फादर आश्रमात गेल्यापासून त्यात दादाचं नाव कोणी घेत नाही. मी मोठ्याने म्हणाले, "सुहास." पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. माझं तिकडे लक्ष नव्हतं. आवाजात राग तर आला नाही ना, एवढंच मी ऐकत होते.