नकाशातून पुसलेलं जहाज

"आमच्या सर्व्हेत तिथे काही नाही, मॅम. समुद्राचा सपाट तळ आहे," माझा बॉस ग्लेन स्पीकरफोनवर म्हणाला. मीही मान डोलावली. सर्व्हे माझाच होता ना!

फोनवर मार्गरेट होती, सत्तरीची बाई. दुसऱ्या महायुद्धात एका जर्मन पाणबुडीने सेंट लॉरेन्सच्या आखातात किनाऱ्याने जाणारी मालवाहू जहाजं टिपून बुडवली. त्यातल्या एकावर तिचे वडील बॉयलरमध्ये कोळसा टाकायचे. प्रेत मिळालंच नाही. आता तिथून आमच्या क्लायंटची समुद्राखालची केबल जाणार होती.

"केबल पुरायला तळ नांगरतात म्हणे," ती म्हणाली. "माझ्या वडिलांवरून?"

फोन ठेवला, पण मला चैन पडेना. आम्ही बोटीखालून आवाज सोडतो. तो किती वेळात परतला यावरून खोली कळते. मध्ये मासे आले की खोटा उंचवटा दिसतो. तो पुसायचा, याला क्लीनिंग म्हणतात. सॉफ्टवेअर सुचवतं, माणसाने एकेक तपासायचं. मी मात्र शुक्रवारी घरी जायची मिल्टनची ट्रेन गाठायला 'अ‍ॅक्सेप्ट ऑल' दाबून मोकळा झालो होतो.

मूळ डेटा उघडला. बोटीच्या तीन दिवसांच्या तिन्ही फेऱ्यांत तोच उंचवटा, त्याच जागी. अरे, मासे काय तीन दिवस एका जागी उभे राहतात? स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. जर्मनांनी ते जहाज एकदा बुडवलं, दुसऱ्यांदा मी, एटोबिकोच्या ऑफिसात चहा पिता पिता.

ग्लेनला दाखवलं. त्याने धड बघितलंही नाही.

"रिपोर्ट गेलाय, संजय. साठ वर्षांचं गंजकं लोखंड आहे. लेट इट गो."

माझं डोकंच फिरलं. "तुझा बाप असता खाली तर?"

"आवाज खाली."

"नाही करत! रिपोर्टवरची सही मी मागे घेतोय. क्लायंटला आत्ता कळवतो."

ईमेल पाठवूनच मी जागेवरून उठलो. केबलचा रूट सरकला. मलाही सरकवलं, वर्षभर पार्किंग लॉटच्या जमिनी मोजायला. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मार्गरेटला फोन मीच केला. जहाज सापडल्याचं सांगितलं.

"किती खोल?"

"नव्वद मीटर."

"अंधार असेल."

"हो." खोटं बोलवेना.

"असू दे. बॉयलररूममध्ये तरी कुठे ऊन मिळायचं त्यांना?"

तेव्हापासून कुणी सपाट तळ दाखवला की मी आधी विचारतो, काय पुसलंस ते दाखव.