दोन कुलपांचा दर्गा

वाडी मोहल्ल्यातल्या सुभानराव शिर्क्यांचं नाव पिराच्या नवसाचं. आधीची दोन मुलं दगावली, तेव्हा त्यांच्या आईनं गल्लीच्या टोकाच्या दर्ग्यात पदर पसरला होता. पणजोबा गायकवाडांच्या फौजेत शिलेदार; त्यांच्यापासून उरुसाचं चंदन शिर्क्यांच्या घरचं. सुभानराव नंदेसरीला केमिकल कारखान्यात ऑपरेटर होते, पण उरुसाचं चंदन स्वतःच्या हातानं उगाळायचे.

अठ्ठ्याण्णव साली दर्गा सांभाळणारे म्हातारे मुजावर गेले आणि भांडण पेटलं. त्यांचा मुलगा नन्नुमियां म्हणे, किल्ली आमच्या वंशाची. जमातीच्या कमिटीचे ईसाभाई म्हणत, दर्गा सगळ्या जमातीचा, आणि फुलं, दिवे, चंदन हे खऱ्या धर्मात बसतच नाही. एकाच्या पाठीशी एका पक्षाचा नगरसेवक, दुसऱ्याच्या पाठीशी दुसऱ्या पक्षाचा. दोघांनी दारावर आपापलं कुलूप ठोकलं. आत कबरीवरची फुलं तशीच कुजत राहिली. जाळीतून वास यायचा. लोक नाकाला रुमाल लावून जायचे.

नन्नुमियां घरी आला. "सुभानभाई, कोर्टात लिहून द्या, किल्ली सात पिढ्या आमच्याकडे होती."

"तुझे वडील रोज झाडू मारायचे, एवढं लिहून देतो. तू कधी मारलास?"

तो चहा न घेताच उठला.

दुसऱ्या दिवशी ईसाभाई आले. नन्नुमियां बायकांना हाकलतो, असं त्यांना लेखी हवं होतं.

"बायकांना मनाईचा बोर्ड तर तुम्ही लावलात," सुभानराव म्हणाले.

"एटले, म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूचे," ईसाभाई म्हणाले आणि गेले.

उरुसाला पोलिसांच्या देखत दोन तास दार उघडायचं ठरलं. सुभानराव चंदनाची वाटी घेऊन पोचले. उंबऱ्याशी नन्नुमियांच्या नगरसेवकानं त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटोवाल्याला बोलावलं. ते पाहून ईसाभाईंची माणसं धावून आली. ढकलाढकलीत वाटी फरशीवर पडली. चंदन चपलांखाली गेलं. पिराच्या उंबऱ्याच्या आत चपला, आणि नगरसेवक विचारत होता, "फोटो आला का?" सुभानराव बाहेर येऊन गटारापाशी ओकले.

कोर्टात साक्षीला बोलावून वकिलानं विचारलं, किल्लीवर खरा हक्क कुणाचा?

"ह्यांना देऊ नका, त्यांनाही देऊ नका," सुभानराव म्हणाले. "आधी ती फुलं कुणीतरी उचला."

दोन्ही बाजूंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. दर्ग्याला सरकारी कुलूप लागलं. गुरुवारी तासभर एक कारकून दार उघडून बसू लागला.

पुढच्या वर्षी त्यांच्या बायकोनं, अहल्याबाईंनी विचारलं, "अहो, चंदन उगाळायचं ना? पिरानं काय केलंय आपलं?"

"पिरानं काही नाही ग. त्या दारात पाय ठेवायची शिसारी येते."

नंतरच्या निवडणुकीत चौकात मंडप उभा राहिला. नन्नुमियांनं पक्ष बदलला होता. व्यासपीठावर तो आणि ईसाभाई शेजारी शेजारी बसून एकाच ताटलीतला फाफडा खात होते. ईसाभाईंनी हात हलवून हाक मारली, "आवो सुभानभाई, बेसो."

सुभानराव रस्त्यावर थुंकले आणि दुसऱ्या गल्लीनं घरी गेले.