साडेसोळा फुटांचा रस्ता

अण्णांनी उभ्या आयुष्यात कुणाला रस्ता विचारला नाही. परक्या गावात एसटीतून उतरले की ते खांद्यावरचं पत्र्याचं नळकांडं उघडत, त्यातून नकाशा काढत, त्यात नाक खुपसत आणि चालू लागत. पारावरचं कुणी आपुलकीनं म्हणालं, "पाव्हणं, कुणाकडं जायचं?" तर मान वर न करता सांगत, "तुमच्या गावामागच्या ओढ्याकडे. बसा तुम्ही, मला ठाऊक आहे." आणि खरोखरच ठाऊक असे. गावातल्या लोकांना त्यांच्याच गावातली बुजलेली विहीर दाखवून हा माणूस संध्याकाळच्या बसनं शनिवार पेठेत परत जात असे.

मोजणी खात्यातून निवृत्त झालेले म्हणून सगळे त्यांना मोजणीदार अण्णा म्हणत. नोकरीची पहिली काही वर्षं त्यांनी कचेरीत बसून गावोगावच्या नकाशांच्या नकला काढल्या. त्या काळात शेतांचे लहान तुकडे एकत्र करून नवे गट पाडत होते आणि प्रत्येक गावाचा नवा गटनकाशा तयार होत होता. काचेवर जुना नकाशा, त्यावर पातळ कागद, हातात टाक, असं दिवसभर चाले. "शेकडो गावं काढली गं, पण पाहिलं एकही नाही," असं ते म्हणत. ते बघायचं राहिलं म्हणून निवृत्तीनंतर दर रविवारी एक गाव. काकू म्हणायच्या, "लोक काशीला जातात, आमचे हे केसनंदला." काकूंचं बोलणंही पेठेतलंच.

एका रविवारी ते आमच्याकडे उगवले. वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्यापासून आत आमची वस्ती, सिद्धार्थनगर. माझ्या आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली तेव्हापासून हे नाव. मी तेव्हा पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकती लागले होते आणि रविवारी मला फक्त झोपायचं होतं. बाहेर आवाज चढला म्हणून उठले, तर हा पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला म्हातारा माझ्या आईला सांगत होता, "हा रस्ता इथे असायला नको. नकाशात नाही."

आमच्या वस्तीतून नगर रस्त्याला जाणारी ती एकच वाट. दोन्ही बाजूंना चिंचा, मधे गाडीची चाकोरी. आईनं, जी अंगणवाडीत पन्नास पोरांना एका नजरेत गप्प करते, कमरेवर हात ठेवले. "नकाशात नसंल. पायाखाली तर हाय ना?"

अण्णा पायाखाली बघत राहिले. मग म्हणाले, "आहे खरा." आणि चहा घेतला. दोन कप घेतला.

चहा पिताना आईनं विचारलं, नकाशात आमची वस्ती काय नावानं लिहिलीय. वस्ती तिथे जुन्या जातीच्या नावानं होती. अण्णांनी ते लपवलं नाही. "मूळ कागदावर खोडता येत नाही मला," ते म्हणाले, "पण ही प्रत माझी आहे. तुम्ही काय म्हणता वस्तीला?" आईनं सांगितलं. त्यांनी पिशवीतून पेन काढलं आणि गुडघ्यावर नकाशा धरून, कचेरीतल्या त्या गोल घोटीव अक्षरात सिद्धार्थनगर असं लिहिलं. त्या दिवसापासून माझ्या आईच्या लेखी ते घरचे झाले. आणि का कुणास ठाऊक, पुढच्या रविवारी मीही त्यांच्यासोबत निघाले.

त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षा होती. सकाळी सहाला स्वारगेट, तेही सहा म्हणजे सहा. एकदा मी बसचं तिकीट घडी करून पर्समध्ये ठेवलं, तर केवढे चिडले! घडी हा त्यांचा शत्रू. नकाशा गुंडाळायचा, घडी कधी करायची नाही. पहिल्या साहेबांनी त्यांना तसं बजावलं होतं, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत, "घडीत रेघ मरते." घरी तर वर्तमानपत्रही गुंडाळून ठेवत. "आमच्याकडे फक्त माझ्या साड्यांना घडी असते," काकू म्हणायच्या, "तीसुद्धा ह्यांची नजर चुकवून."

पण त्या रविवारांनी मला माझं गाव दिलं, हे कबूल केलंच पाहिजे. रोज कंपनीच्या बसमधून ज्या माळाकडे मी बघतही नव्हते, तिथे अण्णांनी मला बाजाराची जुनी वाट दाखवली, बैलांना पाणी पाजायची दगडी डोण दाखवली, तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तो दगड दाखवला. नकाशातली दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट, एकेरी म्हणजे पायवाट, हे मला त्यांनीच शिकवलं. एकदा एका नव्या सोसायटीच्या फाटकावर रखवालदारानं आम्हाला हटकलं. अण्णांनी नकाशा त्याच्यापुढे धरला. "अहो, आपल्या क्लब हाउसखाली चाळीस फूट खोल विहीर आहे. रहिवाशांना सांगा, पोहायला शिकून घ्या." पुढचा महिनाभर ते स्वतःच्याच या विनोदावर खूश होते.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. जमिनींचे भाव चढत होते, दर आठवड्याला एक नवी कमान उभी राहत होती. एका सोमवारी मी कंपनीत जायला निघाले, तर आमच्या वाटेवर भिंत होती. शब्दशः भिंत. चिंचांच्या पुढची जमीन एका बिल्डरनं घेतली होती आणि त्याच्या माणसांनी दोन दिवसांत विटांची ओळ खांद्यापर्यंत आणली होती. मला ओढ्यातून चपला हातात घेऊन जावं लागलं. त्याच आठवड्यात शेजारच्या आजोबांना दम लागला, तेव्हा चौघांनी खाट उचलून त्याच ओढ्यातून नेली. ते वाचले, पण वस्तीला कळायचं ते कळलं.

आई पाचजणींना घेऊन बिल्डरच्या ऑफिसात गेली. तिथला मॅनेजर गोड बोलणारा होता. त्यानं गटनकाशा टेबलावर पसरला, सातबारा दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, आय अंडरस्टॅण्ड, पण यात रोड कुठे आहे? नकाशात नाही ना."

आई घरी आली आणि पाणी न पिता मला म्हणाली, "ज्या म्हाताऱ्यानं हेच म्हणलं व्हतं, त्याच्याकडं जा. रस्ता कसा न्हाई ते त्यालाच इचार."

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा पडला त्यांचा. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून भिंत होऊन आलं, हे त्यांना लागलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गटनकाशाच्याही आधीच्या, पहिल्या मोजणीच्या नकाशाची छायाप्रत मिळवायचा अर्ज टाकला. प्रत मिळाली ती जुन्या, कापडावर चिकटवलेल्या, कधीकाळी चार घड्या पडलेल्या नकाशाची. मी दोन्ही नकाशे स्कॅन केले आणि घरच्या कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवले. अण्णा शेजारी स्टुलावर बसून पुटपुटत होते, "याला काय शीव कळणार?" वरचा नकाशा मी हळूहळू फिका करत नेला. शिवा जुळल्या. ओढा जुळला. आणि जुन्या नकाशाच्या मधल्या घडीवर, मळक्या पट्ट्यात, दुहेरी तुटक रेघ दिसली. वस्तीपासून थेट नगर रस्त्यापर्यंत.

मी ओरडलेच. आई धावत आली. अण्णा मात्र पडद्यावरच्या त्या घडीवरून बोट फिरवत होते. रस्ता घडीवर पडला होता. नक्कल काढणाऱ्यानं त्या रेघांना घडीचा मळ समजून सोडून दिलं होतं. त्यांनी मला गटनकाशाचा खालचा कोपरा मोठा करायला सांगितला. तिथे लिहिलं होतं, नक्कल काढणार, आणि पुढे सही. ती गोल घोटीव अक्षरं मी ओळखली. आईनंही ओळखली.

अण्णा म्हणाले, "बावीस वर्षांचा होतो. दिवसाला एक नकाशा द्यावा लागे." आणि लगेच स्वतःलाच फटकारल्यासारखं, "हे कारण नाही. नुसतं सांगितलं."

मला त्यांची भीती वाटली, म्हणजे त्यांच्यासाठी भीती वाटली. अण्णांच्या कामात चूक नाही, ही त्यांची सगळी कमाई. खात्यातली नवी माणसं अजून त्यांना उठून नमस्कार करत. मी म्हटलं, "अण्णा, जुना नकाशा दाखवला की पुरे. सही कुणाची ते कशाला सांगायचं?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी घडी घातलेल्या तिकिटासारखी झाले.

वस्तीच्या अर्जावरून तहसीलदार जागेवर पाहणीला आले त्या दिवशी सगळी वस्ती भिंतीशी जमली होती. मॅनेजर लॅपटॉप घेऊन आला होता. "सर, सॅटेलाइट इमेज बघा. प्लेन लँड आहे."

"उपग्रह वर जायच्या आधीपासून इथे बैल चालतात," अण्णा म्हणाले. "कालपर्यंत चालत होते. तुम्ही माती टाकलीत."

मॅनेजर तहसीलदारांकडे वळला. "सर, गटनकाशा नंतरचा आहे, खात्यानं केलेला आहे. त्यात रोड नाही म्हणजे तेव्हा रोड बंद झाला असणार. चूक असेल तर यांनी दाखवावी."

"दाखवतो," अण्णा म्हणाले. त्यांनी नळकांड्यातून गटनकाशा काढला, कोपऱ्यावर बोट ठेवलं. "रस्ता बंद झाला नव्हता. माझ्या हातून सुटला. ही सही माझी. लेखी हवं असेल तर ते आणलंय." खात्याचे दोन मोजणीदार सोबत आले होते, त्यातला एक अण्णांच्याच हाताखाली शिकलेला. तो खाली बघायला लागला. अण्णा त्याला म्हणाले, "खाली काय बघतोस? साखळी धर."

त्यांनी जुनी लोखंडी साखळी आणली होती. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणतात. शिवेच्या दगडापासून त्यांनी मोजायला सुरुवात केली. एक टोक त्या मोजणीदाराकडे, दुसरं माझ्याकडे. नऊ साखळ्या आणि बारा आणे झाले तेव्हा आम्ही राडारोड्याच्या ढिगापुढे उभे होतो. "जुन्या मोजणीप्रमाणे रस्त्याच्या वळणाचा दगड इथे आहे," अण्णांनी सांगितलं. मॅनेजर हसला. तहसीलदारांनी बिल्डरच्याच जेसीबीवाल्याला हाक मारली.

तीन खोरी माती निघाली. चौथ्यांदा दात कशावर तरी घासले आणि तो आवाज सगळ्यांनी ऐकला. घडवलेला काळा दगड, वर खुणेची रेघ. वस्तीतल्या बायांनी जो कल्ला केला तो नगर रस्त्यावर ऐकू गेला असेल. माझी आई, जी मला कधी रडताना दिसली नव्हती, ती पदरात तोंड घालून रडत होती आणि मधूनच हसत होती.

महिन्याभरात निकाल लागला. भिंत फोडली त्या दिवशी अण्णा टेप घेऊन हजर. फट मोजली, सोळा फूट भरली. "गाडीवाट अर्ध्या साखळीची. साडेसोळा फूट होतात," त्यांनी मुकादमाला सांगितलं. मुकादम म्हणाला, आजोबा, अर्ध्या फुटानं काय होतंय? "काही होत नसेल तर तोडा की." त्यानं निमूट तोडली.

त्यानंतर अण्णा पाच वर्षं होते. गटनकाशात दुरुस्ती झाली, डांबर पडलं, आमच्या दारापर्यंत कंपनीची बस आली. ते गेले तेव्हा काकूंनी नळकांडं माझ्या हातात दिलं. आता रविवारी मी कंपनीतल्या पोरापोरींना घेऊन गावं हिंडते, आणि कुणी कागदाची घडी घातली की चिडते. मला त्यांची फार आठवण येते.

पण आठवतो तो भिंत फुटली तो दिवस. वस्तीनं खीर केली होती. अण्णांनी दोन वाट्या खाल्ल्या, नळकांडं खांद्याला लावलं आणि निघाले. चार पावलं गेले, थांबले, आणि मागे वळून त्यांनी माझ्या आईला विचारलं, "बाई, नगर रस्त्याला कसं जायचं?"

आईनं हात लांब करून दाखवलं. "सरळ जा की अण्णा. आपलाच रस्ता हाय."