शिडाचा दोर

त्या दिवशी देवानं आम्हाला तारलं, की माझ्या चुकीवर नुसतं पांघरूण घातलं, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि नव्या कचेरीत माझी बदली झाली. मुलगा गावाजवळ यावा म्हणून आई गोदावरीकाठच्या महादेवाला नवस बोलली होती. तो फेडायला आम्ही नांदेडकडे गेलो. दुष्काळानं नदी जागोजागी कोरडी पडली होती, पण बंधाऱ्यामागं पाणी खोल होतं. पलीकडच्या देवळाला जायला शिडाची नाव होती.

बुडायची वेळ आली तर तरंगता यावं म्हणून नावाडी आईच्या कमरेला वाळका भोपळा बांधू लागला.

“मी काय विहिरीत पवायला शिकायलेय का रे?” आई हसली.

“बांधा माय. देवाच्या भेटीला जायचंय, देवाघरी न्हाई.”

मध्यावर नावेत पाणी झिरपू लागलं. ते उपसायला बसताना नावाड्यानं शिडाचा दोर माझ्याकडे दिला. “हातातच धरा साहेब. वारा चढला की सोडून द्या. बांधू मात्र नका.”

थोड्याच वेळात देवळाचं शिखर दिसलं. आमच्या घरी शिखर दिसलं की दोन्ही हात जोडायचे. एका हाताचा नमस्कार करायचा नाही, ही लहानपणापासूनची शिकवण. मी दोर फळीला गाठ मारून बांधला, डोळे मिटले, हात जोडले.

तेवढ्यात उघड्या रानातून धुळीची वावटळ पाण्यावर आली. शीड फुगलं, नाव एका अंगावर कलली. आई घसरून कमरेपर्यंत पाण्यात गेली. मी एका हातानं तिचा दंड धरला, दुसऱ्यानं गाठ ओढू लागलो. गाठ आवळतच गेली. “सोडा! दोर सोडा!” नावाडी ओरडत होता. माझ्या तोंडून देवाचं नावसुद्धा निघालं नाही. आणि दोर गाठीच्या वर आपोआप तुटला. शीड फडफडलं, नाव सरळ झाली, आई माझ्या अंगावर येऊन पडली.

नावाडी तुटलेलं टोक निरखत राहिला. “लई जुना बी नव्हता,” तो पुटपुटला. मग गाठ पाहिली. “साहेब, हे काय केलं तुम्ही?” एवढंच बोलून त्यानं वल्हं उचललं.

देवळाच्या वाटेवर आई भेटेल त्याला सांगत होती, महादेवानं दोर तोडला. नमस्कारासाठी केलेली चूकही पाप ठरते का, हेच मला उमगेना. शेवटी पायरीवर मी म्हणालो, “माय, तो दोर मी बांधला होता.”

ती पदर पिळत होती. “मग? तू बांधला, त्यानं सोडिवला. आता वल्ल्या लुगड्यानं मला किती येळ उभी ठिवतो? नारळ फोड.”

मी नारळ फोडला. तिच्याइतकं सोपं मला ते अजून झालेलं नाही. उन्हानं दोर विरलाही असेल. मात्र डोळे मिटले की शरण गेलो, असं त्यानंतर मला वाटलेलं नाही. परतताना नावाड्यानं जोडलेला दोर पुन्हा माझ्याकडे दिला. मागं शिखर दिसत होतं. मी मूठ न सोडता फक्त मान लववली. तो नमस्कार पोचला का, ठाऊक नाही. पण शेजारी आई पेंगत होती, आणि तेवढ्यासाठी मी मनातल्या मनात महादेवाच्या पाया पडत होतो.